रॅम, एसएसडी आणि मेहुणा

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण लॅपटॉप सुरू होतोय. बटण दाबून अंघोळीला गेलो, परत आलो, तर पडद्यावरचं ते गोल चक्र अजून फिरतंच आहे. हा वेळ सत्कारणी लावायचं ठरवलं. कागद-पेन लगेच सुरू होतं.

नोंदीसाठी: मी नोकरी शोधत नाहीये. पर्याय तपासतोय. कंपनी मी स्वतःहून सोडली. कंपनीने तसं आधी सुचवलं होतं, एवढंच. आमचा खरेदी विभाग एका सॉफ्टवेअरने गिळला. त्या सॉफ्टवेअरचं कोटेशन मीच मंजूर केलं होतं. सगळ्यात स्वस्त होतं.

आता अर्ज पाठवायचे तर लॅपटॉप हवा. लॅपटॉप चालत नाही म्हणून अर्ज जात नाहीत. इतकं सरळ आहे. बायकोला पटत नाही. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या मते जगातला कुठलाही अवयव रोज थोडा थोडा हलवला की सुधारतो.

संकल्प: लॅपटॉप अपग्रेड करायचा. एकच पार्ट बदलायचा, पण अचूक. आठवड्यात निर्णय. मग अर्जांचा धडाका.

४ मार्च
संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, आयटीत आहे. दारात बूट काढता काढता त्याने लॅपटॉपचा घुर्रर्र आवाज ऐकला आणि म्हणाला, "भाऊजी, जुनी हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका. विषय संपला."

दुसरा बूट काढायच्या आत विषय संपला.

पुढे त्याने समजावूनही सांगितलं. जुन्या डिस्कमध्ये म्हणे एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर एक काटा माहिती शोधत धावतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती फास्ट. मी मान डोलावली. मनात मात्र हसू आलं. मी एका चिकटपट्टीच्या खरेदीला तीन महिने लावलेले आहेत. अभ्यास नावाची गोष्ट असते.

६ मार्च
अभ्यास सुरू. एक्सेलमध्ये तुलनात्मक तक्ता. रॅम, एसएसडी, बॅटरी, कूलिंग, आणि शेवटचा रकाना 'जैसे थे'. शिवाय ब्राउझरमध्ये तज्ज्ञांची मतं उघडून ठेवली. इतकी उघडली की वर टॅबची नावं दिसेनात, नुसत्या बारीक पट्ट्या दिसत होत्या. लॅपटॉप हँग झाला. तक्ता सेव्ह केला नव्हता.

पुन्हा सुरू करून त्याची प्रकृती बघितली. एका खिडकीत आत काय चाललंय त्याचे आकडे येतात. तिथे लिहिलं होतं, डिस्क: शंभर टक्के. म्हणजे डिस्क पूर्ण ताकदीनिशी राबतेय. या घरात दुसरं कुणी एवढं राबत नाही. आणि मेहुणा म्हणतो तिलाच काढा.

९ मार्च
तक्ता पुन्हा केला, या वेळी सेव्हही केला. निर्णय झाला. रॅम.

कारण सोपं आहे. रॅम म्हणजे टेबल. टेबल मोठं असलं की जास्त फायली पसरता येतात. मी आयुष्यभर मोठ्या टेबलाच्या बाजूने उभा राहिलो आहे. मेहुण्याच्या सल्ल्याचा आणि या निर्णयाचा काही संबंध नाही. त्याने रॅम म्हटलं असतं तर कदाचित मी एसएसडी म्हटलं असतं, पण ते वेगळ्या, तांत्रिक कारणांनी.

बायकोने बायोडेटाचं विचारलं. तिला सांगितलं, पाया पक्का झाल्याशिवाय मजले चढवत नसतात. ती म्हणाली की मग तोवर कपडे तरी वाळत घाल. घातले.

१० मार्च
बाजारातल्या लॅपटॉप क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या मालकाला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि तोही ओ देतो. मी म्हणालो, मला वाटतं रॅम. तो म्हणाला, रॅमच. मी म्हणालो, एसएसडीची लोक उगाच हवा करतात. तो म्हणाला, उगाचच करतात. इतका जाणकार माणूस फार दिवसांनी भेटला.

लॅपटॉप दाखवायला आणलाय का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, गरज नाही, मला त्याची नस न् नस माहीत आहे.

११ मार्च
रॅम बसत नाही. खाच भलत्याच जागी आहे. आधी प्रेमाने दाबली, मग नुसती दाबली. लेक कॉलेजला जाता जाता डोकावली आणि म्हणाली, बाबा, ही नवीन पद्धतीची रॅम आहे, आपला लॅपटॉप जुन्या पद्धतीचा आहे. बॉक्सवर लिहिलंय.

बॉक्सवर लिहिलंय हे खरं आहे.

डॉक्टरकडे परत गेलो. त्याने एका शब्दाने न विचारता बदलून दिली. दुसरी रॅम त्याने आधीच काढून काउंटरवर ठेवली होती. याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं.

१२ मार्च
बसली! फरक प्रचंड. आधी बटण दाबून अंघोळ उरकायची, अंगावर कपडे चढायचे, तरी चक्र फिरत असायचं. आज अंघोळ करून आलो, तेव्हा चक्र फिरत होतं, पण त्याच्या फिरण्यात एक आत्मविश्वास होता.

लेकीने फोनवर वेळ मोजून दाखवली. होती तेवढीच आली. ती कॉमर्सला आहे. मोजमापाची सवय नाही.

१५ मार्च
मेहुण्याचा फोन. त्याच्या ओळखीची एक कंपनी आहे, नळाच्या तोट्या बनवते. त्यांना खरेदी व्यवस्थापक हवा आहे. त्याने माझं नाव सांगितलं. २७ तारखेला व्हिडिओवर मुलाखत, बायोडेटा आजच पाठवा म्हणाला.

मी म्हणालो, विचार करून कळवतो. बायको समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण निवडणं थांबवलं. मी म्हणालो, विचार झाला, हो.

बायोडेटा नवा करायचा होता. लॅपटॉपचं चक्र फिरत होतं. शेवटी बायकोनेच आपल्या फोनवरून जुन्या ईमेलमधला बायोडेटा काढून पाठवून दिला. त्यावरच्या फोटोत मला भरपूर केस आहेत. मुलाखतीला कॅमेरा जरा खालून लावायला हवा.

१६ मार्च
परिस्थिती बदलली आहे. आता हा अपग्रेड म्हणजे छंद नाही, करिअरचा प्रश्न आहे. मुलाखतीत लॅपटॉप अडकला तर तोंड उघडं राहिलेल्या अवस्थेत मी त्यांना दिसत राहीन. तशात पंख्याचा आवाज. रॅम टाकल्यापासून आवाज वाढला असं मला वाटतं. बायकोला वाटतं की मी लॅपटॉपच्या जास्त जवळ बसायला लागलोय.

निदान: उष्णता. गरम झाला की हळू चालतो. माणसाचंही तसंच आहे.

कूलिंग पॅड घेतलं. लॅपटॉपखाली ठेवायची जाळी, तिला दोन पंखे, निळा उजेड. डॉक्टर म्हणाला, मी हेच सुचवणार होतो.

१८ मार्च
आता तीन पंखे चालतात. टेबलावरचे कागद उडतात. लॅपटॉप गरम तो गरमच, माझा चहा मात्र गार होतो. निळ्या उजेडात माझा चेहरा आजाऱ्यासारखा दिसतो. लेक म्हणाली, मुलाखतीत सहानुभूती मिळेल.

१९ मार्च
मूळ सापडलं. प्रोसेसरवर एक लेप असतो, तो काही वर्षांनी वाळून खडखडीत होतो. तो खरवडून नवा लावायचा. टूथपेस्टसारखीच ट्यूब मिळते. व्हिडिओत एक माणूस गाणं गुणगुणत हे करतो.

सकाळी सगळे बाहेर पडल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. आत धूळ इतकी की हाताने उचलून तिची वळकटी करता आली. मन प्रसन्न झालं. लेप लावला. थोडा जास्त लागला. जिथे लागायला नको होता तिथून जुन्या टूथब्रशने काढला.

कीबोर्डची एक चपटी पट्टी असते. ती एका इवल्याशा क्लिपमध्ये अडकवलेली असते. असायची. क्लिप तुटली.

लॅपटॉप बंद केल्यावर तीन स्क्रू उरले. कारखान्यात सढळ हाताने घालतात बहुतेक.

२० मार्च
कीबोर्ड अजिबात चालत नाही. माळ्यावरून जुना, वायरवाला कीबोर्ड काढला. चालतो. त्यात 'न' उमटत नाही. रॅम, कूलिंग पॅड, बाहेरचा कीबोर्ड, बाहेरचा माउस. एकेकाळी हा लॅपटॉप मी बगलेत मारून हिंडायचो.

आवाज मात्र खरोखर कमी झाला. बायकोनेही मान्य केलं. मग म्हणाली, कारण एक पंखा फिरतच नाहीये. बघितलं. नाही फिरत.

२२ मार्च
बायकोने सराव मुलाखत घेतली. सोफ्यावर चष्मा लावून बसली, मी समोर खुर्चीवर. पहिलाच प्रश्न: गेले पाच महिने काय केलंत? मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, सल्लागार म्हणून काम. कुणाला सल्ला दिला? तंत्रज्ञान क्षेत्रातल्या एका उपक्रमाला. कोणत्या? मी टेबलाकडे पाहिलं.

तिने चष्मा काढला. शांतपणे म्हणाली, "अरे, मुलाखत तुझी आहे. लॅपटॉपची नाही."

मग उठून कुकर लावायला गेली. तत्त्वतः तिचं बरोबर आहे. व्यवहारात तिला रॅममधलं कळत नाही. तरीही आज तक्ता उघडला नाही. उघडावासा वाटला नाही.

२४ मार्च
एसएसडी आणली.

मेहुणा म्हणाला म्हणून नाही. माझा अभ्यास स्वतंत्र वाटेने तिथे पोहोचला. ती वाट लांबची होती, त्यामुळे अधिक विश्वासार्ह. त्याला सांगायचं नाही. फोन करून विचार, तो येऊन बसवून देईल, असं बायको म्हणाली. नको म्हटलं. मुलाखतीनंतर सहज सांगेन, की अरे हो, ती एसएसडी मी टाकली.

डॉक्टरकडून एक यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. टोस्टरसारखं दिसतं. दोन खाचा. एका खाचेत जुनी डिस्क उभी करायची, दुसरीत नवी, एक बटण दाबायचं. जुनीतलं सगळं नवीत उतरतं. लॅपटॉप लागत नाही, कीबोर्ड लागत नाही, 'न' लागत नाही. माझ्यासाठीच बनवलेलं.

२५ मार्च, दुपार
सकाळी बटण दाबलं. कोणती डिस्क कोणत्या खाचेत, हे यंत्रावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. चष्मा बेडरूममध्ये होता. पुढची खाच जुनीची असणार हे उघड होतं. आधी मोठ्यांना पुढे बसवायची पद्धत.

आत्ता हिरवा दिवा लागला. काम फत्ते. एसएसडी लॅपटॉपमध्ये बसवतो. मेहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय.

२५ मार्च, संध्याकाळ
एसएसडीत काही नाही. रिकामी.

हरकत नाही म्हणून जुनी डिस्क परत बसवली. तीही रिकामी.

यंत्राने चोख काम केलं. नव्या डिस्कवर जे काही होतं ते जुनीवर उतरवलं. नव्या डिस्कवर काही नव्हतं.

तक्ता गेला, अर्जांचे मसुदे गेले. त्याचं काही वाटलं नाही. मग लेक म्हणाली, बाबा, माझे लहानपणीचे फोटो? ती पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ. माझी आई व्हरांड्यात तिला मांडीवर घेऊन बसलेली. आई आता नाही. ते सगळं याच्यातच होतं.

बायको माझ्याकडे न बघता खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी दोन्ही डिस्का दोन हातांत धरून उभा. वजन वेगवेगळं, रिकामेपण सारखंच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एकही कारण तयार नव्हतं.

मग लेकीने मामाला फोन लावला, स्पीकरवर. मामा म्हणाला, फोटो ना? ते मी मागेच ऑनलाइन ठेवलेत सगळे. भाऊजींचा लॅपटॉप आवाज करायला लागला तेव्हाच. ताईला विचारून केलं होतं. बायको म्हणाली, अरे हो की, विसरलेच होते मी. आणि डोळे पुसले.

मेहुण्याबद्दल आज फार बरं वाटलं. ही भावना रात्रीपर्यंत आवरायला हवी.

२६ मार्च
मुलाखत उद्या. लॅपटॉपमध्ये काही नाही. मेहुणा येऊन बघतो म्हणाला, पण तो कामासाठी बाहेर आहे, शनिवारी येईल. लेकीचा फोन वापरायचं ठरलं.

आता एकाग्रतेने तयारी. माझं बलस्थान: जलद निर्णयक्षमता.

२७ मार्च, दुपार
झाली.

लेकीचा फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता. पलीकडे दोघं: एक वयस्कर बाई, कंपनीच्या संचालक, आणि एक तरुण अधिकारी, जो सारखं काहीतरी टिपून घेत होता. सुरुवात झकास. सल्लागार म्हणून केलेल्या कामावर आलो आणि फोन बरणीवरून घसरला. आडवा झाला. उचलून सरळ करेपर्यंत त्यांना टेबल दिसलं. बाईंनी विचारलं, ते मागे काय उघडून ठेवलंय?

उपक्रम आहे म्हणालो. कसला? लॅपटॉपचा वेग वाढवण्याचा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आमच्याकडेही हीच डोकेदुखी आहे म्हणाल्या, सांगा.

मग मी सांगितलं. रॅम, खाच, पॅड, लेप, क्लिप, टोस्टर, सगळं. किती वेळ बोललो माहीत नाही. बहुधा पाच महिन्यांत कुणी मला एवढं विचारलं नव्हतं. तरुण अधिकाऱ्याने मध्येच आपला कॅमेरा बंद केला.

शेवटी बाईंनी विचारलं, "मग मुळात घ्यायला काय हवं होतं?"

"एसएसडी. आमच्या मेहुण्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ऐकलं का नाही?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. तांत्रिक कारण एकही आठवेना. म्हणालो, "तो मेहुणा आहे."

त्यांनीही कॅमेरा बंद केला. थोड्या वेळाने सुरू केला तेव्हा त्या डोळे टिपत होत्या. आमचे हेही माझ्या भावाचं कधी ऐकत नाहीत, असं काहीतरी पुटपुटल्या. पगाराचं विचारलंच नाही. म्हणजे वरच्या पातळीवर ठरवणार असतील.

२९ मार्च
मेहुणा आला. एसएसडी बसवली, सगळं नव्याने घातलं, कीबोर्डची पट्टी एका चिकटपट्टीच्या तुकड्याने जागेवर बसवली. पंख्याच्या पात्यात अडकलेला टूथब्रशचा केस काढला. हे सगळं करताना तो लेकीशी सिनेमाबद्दल बोलत होता.

बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. मी सवयीने टॉवेल घेऊन उठलो होतो. पुन्हा बसलो.

त्याने एकदाही 'मी म्हणालो होतो' म्हटलं नाही. हे मला फार लागलं. निघताना मी त्याला म्हणालो, की रॅममुळेही बराच फरक पडला असणार. तो म्हणाला, हो भाऊजी, पडला असणार. दारातून परत बोलावून थँक्यू म्हणालो. तो इतका दचकला की बूट उलटे घातले.

४ एप्रिल
पत्र आलं. निवड झाली! सहायक व्यवस्थापक.

बायको म्हणाली, नीट वाच, व्यवस्थापकाचा सहायक असं लिहिलंय. दोन्ही एकच, मी म्हणालो. तिच्या मते फरक असतो. पत्र पुन्हा वाचलं. असतो. सहा महिने तात्पुरता. व्यवस्थापक म्हणून त्या तरुण अधिकाऱ्यालाच बढती मिळाली आहे.

तरी बायकोने पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. मी म्हणालो, थोडं खाली दाब, तिथे दुखतं. हसली. बऱ्याच दिवसांनी.

लॅपटॉप लेकीला दिला. अभ्यासाला लागेल तिला. मला ऑफिसचा मिळेल.

१५ एप्रिल
पहिला दिवस. टेबल लहान आहे, पण खिडकीजवळ. लॅपटॉप मिळाला. माझ्या जुन्याहून जुना. बटण दाबलं आणि घुर्रर्र आवाज आला. चक्र फिरू लागलं. आजूबाजूला पाहिलं, तर सगळ्यांच्याच टेबलांवर तो आवाज. काही जण खुर्चीत शांतपणे डोळे मिटून बसले होते.

मी तडक व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेलो. कोटही काढला नव्हता. म्हणालो, साहेब, जुन्या हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका. विषय संपला.

त्यांनी मला बसायला सांगितलं. फार आदराने वागतात. म्हणाले, तुमची तळमळ समजते, पण एवढ्या मोठ्या निर्णयाला अभ्यास लागतो. रॅमची ऑर्डर कालच गेली. कूलिंग पॅडचाही विचार चालू आहे. निळ्या दिव्याची आहेत, छान दिसतात. मी सांगायला लागलो, की ती तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर एक काटा असतो. त्यांनी मान डोलावली. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होतं. ते हसू मी ओळखतो.

बाकी सगळ्यासाठी एक समिती नेमली आहे. कुणाला काही सुचवायचं असेल तर तिच्याकडे लेखी द्यायचं. मी विचारलं, मला समितीत घ्याल का?

म्हणाले, माफ करा, अनुभवी माणसं हवी आहेत.